तुझंच ठेव

१

नवराबायकोचं एकमत म्हणजे कपिलाषष्ठीचा योग, असं म्हणतात. या घरात मात्र एकमत दिवसातून पन्नासदा व्हायचं आणि कुणाच्या तोंडून चकार शब्द न निघता व्हायचं. कारण एकमत हे एका प्रोग्रॅमचं नाव होतं. त्याचं खरं नाव लांबलचक, जिभेला कसरत करायला लावणारं. एकमत हे नवऱ्याने ठेवलेलं. नवऱ्याला सगळे मास्तर म्हणायचे. त्याने उभ्या आयुष्यात कधी शाळेत शिकवलं नव्हतं, पण दुकानाच्या पाटीवर वेलांटी चुकलेली दिसली की आत जाऊन मालकाला सांगून यायचा, म्हणून मास्तर.

घरात कॉम्प्युटर दोन. आतल्या खोलीत टेबलावर बसवलेला मोठा, तो थोरला. जेवणाच्या टेबलावरचा लॅपटॉप, तो धाकटा. धाकटा बायकोचा. कानाला हेडफोन लावून ती सभा, मुलाखती, डॉक्टरांची भाषणं ऐकायची आणि ऐकलेलं जसंच्या तसं टाइप करायची. आत थोरल्यासमोर बसून तो तेच पान तपासायचा. मधे वायर नाही, पेनड्राइव्ह नाही. भिंतीवरच्या वायफायच्या डबीतून धाकट्यावरचं थोरल्यावर जायचं आणि थोरल्यावरचं धाकट्यावर यायचं. इकडे ओळ लिहिली की तिकडे उमटायची, इकडे खोडली की तिकडूनही पुसली जायची. कोपऱ्यात हिरवी खूण आली की समजायचं, दोन्हीकडे एकच आहे.

दोघांनी एकाच वेळी एकाच ओळीला हात घातला तर मात्र एकमत हात वर करायचं. दोन्ही पडद्यांवर चौकट यायची: दोन प्रती सापडल्या, कोणती ठेवायची? याला ते भांडण म्हणायचे. भांडण आलं की आतून त्याचा आवाज यायचा, "तुझंच ठेव." दरवेळी हेच. शुद्धलेखनाचा एवढा कर्दनकाळ माणूस, पण चौकट आली की हार मानून मोकळा. मागाहून गुपचूप येऊन चूक दुरुस्त करायचा, ते वेगळं. तिने मात्र त्याला तसं कधी म्हटलं नाही. ती आपलंच ठेवायची, आणि वर तोऱ्यात असायची.

तिची एक चूक अगदी हाडीमाशी खिळलेली होती. ती 'तू' कायम आखूड लिहायची. तु. शाळेपासूनची खोड, बोटांना पत्ताच नसे. दोन खोल्यांमधून ओरडायला नको म्हणून दोघं पानाखाली एकमेकांसाठी काहीबाही लिहायचे. ती लिहायची, 'तु चहा घेणार का?' तो आधी उकार लांब करायचा आणि मग खाली लिहायचा, 'घेणार.' चहाचं पाणी झालं तरी बेहत्तर, उकार सुधारला पाहिजे. "टायपिस्टबाई, मी इतका आखूड आहे का हो?" असं विचारायचा. होताही बुटकाच, त्यामुळे दोघंही हसायची. आणि एखाद्या ठिकाणी तिच्या ऐकण्यात गफलत झालीय असं वाटलं, तर त्या शब्दापुढे तो 'हं?' टाकायचा. म्हणजे, पुन्हा ऐक.

एके दुपारी प्रिंटरचे कागद संपले. कोणी जायचं यावर थोडी हुज्जत झाली. 'तू पान संपव, मी जातो,' असं म्हणून तो चपला अडकवून उतरला. कोपऱ्यावर एक ट्रक मागे येत होता. तिचं पान संपायच्या आत खालून लोकांचा आरडाओरडा आला.

२

माणूस गेला म्हणून पोट थांबत नाही, आणि लोकांची कामंही थांबत नाहीत. भेटायला येणारी माणसं पांगली, फोन विरळ झाले आणि ती पुन्हा धाकट्यासमोर बसली. थोरला तिने बंद केला नव्हता. त्या दिवशी तो चालूच राहिला होता आणि नंतर तिचा हात धजेना. फक्त कीबोर्ड तेवढा काढून खणात ठेवला होता. त्याच्या बोटांनी झिजून काही अक्षरं पुसून गेली होती, ती बघवत नव्हती. खोलीचं दार लोटून घेतलं होतं. दाराआडून थोरल्याच्या पंख्याची बारीक घरघर यायची, तेवढीच सोबत.

टाइप झालेलं पान वाचून तपासायचं, हे आता तिच्याच गळ्यात पडलं होतं. पहिल्या दिवशी वाचायला बसली तर चूकच सापडेना. 'आशीर्वाद' बरोबर, 'परीक्षा' बरोबर, 'वडील' बरोबर. चला, उशिरा का होईना अक्कल आली, असं ती स्वतःशी म्हणाली आणि मग बराच वेळ रडत बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. नंतर एका मुलाखतीत कुणी म्हातारा आपल्या भावाची आठवण सांगत होता. त्याच्या बोलण्यात एक वाक्य होतं: तू घर सोडून गेलास आणि मागे वळून पाहिलं नाहीस. तू. लांब उकार, चांगला ठसठशीत. तिने पडद्याकडे पाहिलं, मग आपल्या बोटांकडे. या बोटांनी जन्मात कधी लांब तू लिहिला नव्हता.

तिने तो खोडला आणि पुन्हा टाइप केला. उमटला तो तु. ती त्याच्याकडे टक लावून बसली. तो तसाच राहिला. गॅसवर दूध होतं, ते उतू जाईल म्हणून उठली, बंद करून परत आली. तू. कोपऱ्यात हिरवी खूण होती.

शोकात माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं, असं सगळेच तिला सांगून गेले होते. तिनेही ते मान्य केलं. तिनेच सुधारला असेल आणि विसरली असेल, हल्ली मीठ टाकल्याचं तरी कुठे लक्षात राहतं. पण तिने हेडफोन पुन्हा घातला नाही. कान आतल्या खोलीकडे लावून ती नुसतीच बसून राहिली.

३

नेटवर्कवाला जवळचाच. चष्मा कपाळावर चढवून सगळे खिसे चाचपायचा, काखेत कळसा नि गावाला वळसा. दोन्ही कॉम्प्युटर त्यानेच जोडून दिले होते, त्यामुळे तिने त्याला बोलावलं आणि सांगितलं, माझ्या चुका आपोआप सुधारतायत. तो हसला. चुका होतात म्हणून लोक बोलावतात वहिनी, म्हणाला, होत नाहीत म्हणून बोलावणाऱ्या तुम्हीच पहिल्या.

त्याने धाकटा तपासला. शब्द आपोआप सुधारणारी सोय बंदच होती. यंत्राला मराठी काय कळतंय, असं म्हणून मास्तरने ती पहिल्याच दिवशी बंद करायला लावली होती. बाहेरचं कुणी शिरलंय का, तेही पाहिलं. वायफायच्या डबीला दोनच यंत्रं जोडलेली, थोरला आणि धाकटा. हे दोघं फक्त एकमेकांशीच बोलतात, तिसऱ्याला इथे प्रवेश नाही, असं त्याने छातीठोकपणे सांगितलं. मग थोरला बघायला आत गेला. ती दाराबाहेर उभी राहिली. थोड्या वेळाने त्याने आतून विचारलं, कीबोर्ड कुठाय? खणात, ती म्हणाली. म्हणजे इथून कुणी टाइप करण्याचा प्रश्नच नाही, तो म्हणाला.

बाहेर येऊन त्याने समजावलं की असे जुने बदल कधीकधी तुंबून राहतात आणि मग सवडीने सुटतात. मास्तरांनी केलेलं जुनं काम आता झिरपत येत असेल. तिला ते पटवून घ्यायचं होतं. तुंबलेलं पाणी असतं, तुंबलेलं रडू असतं, तशी तुंबलेली दुरुस्तीही असेल. पण म्हाताऱ्याची ती मुलाखत नवरा गेल्यानंतर आली होती. जे पान त्याने पाहिलंच नाही, त्यावरचा उकार तो आधीच कसा सुधारून ठेवील? हे तिने विचारलं नाही. उत्तर मिळालं असतं तर पंचाईत झाली असती.

चहा अर्धा टाकून तो उठला. दारात थांबला, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला.

"वहिनी, ती आतली खुर्ची तुम्ही वापरता का?"

नाही, ती म्हणाली. त्याने मान हलवली. मी बसलो तर ऊबदार लागली, म्हणून विचारलं. मशीनची हवा लागत असेल. एवढं बोलून तो जिना उतरला, आणि उतरताना नेहमीसारखी शीळ घातली नाही.

४

शेवटी तिने ते केलंच. दुपारची वेळ होती, टेबलावर ऊन आलेलं होतं. पानाच्या खाली, जुन्या जागी, तिने लिहिलं: तु जेवलास का?

मुद्दाम आखूड लिहिला नव्हता, तसाच उमटला. मग ती उठून भांडी घासायला गेली, कारण समोर बसून राहिलं की काही होत नाही हे तिला कळून चुकलं होतं. नळ बारीक ठेवला होता. आतल्या खोलीत खुर्ची करकरली. त्या खुर्चीला मागे टेकलं की ती करकरायची. तेल घाल, तेल घाल म्हणून तिने किती वर्षं डोकं खाल्लं होतं. तिने नळ बंद केला. पुन्हा काही ऐकू आलं नाही.

पडद्यावर लिहिलेलं होतं: तू जेवलास का?

आणि त्याखाली: हं?

तिला हसू आलं. काय वाटलं ते सरळ सांगायचं तर आनंद झाला, दुसरं काही नाही. भीती वगैरे नंतरची. ओले हात तसेच स्वेटरला पुसले, तो जुना राखाडी स्वेटर, जो ती घरात बाराही महिने घालायची आणि ज्याला तो घराचा गणवेश म्हणायचा. ती खाली बसली आणि लिहिलं: मी आहे. तु कुठे आहेस?

आत थोरल्याचा पंखा जोरात फिरू लागला, काम अंगावर आल्यावर फिरायचा तसा. बराच वेळ काही उमटलं नाही. मग एक ओळ आली, अडखळत, शब्द शब्द.

'लॅपटॉप कपाटात आहे. तिच्या कपड्यांखाली मीच ठेवलाय. त्याची बॅटरी केव्हाच उतरली. मग हे कोण लिहितंय?'

तिने ती वाचून पुरी केली न केली, तोच ओळ शेवटाकडून पुसली गेली. हिरवी खूण आली. ती धाकट्यावर दोन्ही हात ठेवून बसली. तो इथे होता, टेबलावर, तळहाताखाली गरम. कपाट तिच्या पाठीमागे होतं, आणि त्यात तिचे कपडे होते. उठून कपाट उघडावं असं तिच्या मनात आलं, पण धाकट्यावरचे हात तिने उचलले नाहीत.

तिच्या कपड्यांखाली, असं त्याने लिहिलं होतं. माणूस समोर असताना कुणी त्याचे कपडे असे कशाला आवरून ठेवील? आता तिला भीती वाटली. त्याची नव्हे. तो तिला घाबरला होता, याची.

५

मोठ्या बहिणीचा फोन रोज यायचा. ताई मनाने चांगली, पण एकदा ठरवलं की ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकायची नाही. नेटवर्कवाला तिच्या कानाशी लागला असावा. तिने बजावलं की आतलं मशीन असं रात्रंदिवस चालू ठेवून, त्याच्या घरघरीला कान लावून बसणं बरं नव्हे. खोली उघड, खिडक्या उघड, माणसात ये. आणि रविवारी मी गाडी घेऊन येते आणि ते धूड घेऊन जाते.

त्यात कामाच्या फाइली आहेत, ती म्हणाली.

"दोन्हीकडे एकच असतं, असं तूच सांगायचीस ना? मग एक गेलं तर बिघडलं कुठे?"

फोन ठेवल्यावर ती कितीतरी वेळ त्याच वाक्यापाशी अडकून राहिली. थोरला गेला की तो पुन्हा जाणार होता, आणि या वेळी आपल्याच हाताने पाठवल्यासारखं होणार होतं.

शनिवारी, भर दुपारी, तिने आतल्या खोलीचं दार ढकललं. खोली होती तशीच होती. खिडकीत ऊन, फळीवर त्याचे शब्दकोश, टेबलावर माउस, खुर्ची टेबलापासून जराशी मागे. खुर्ची रिकामी. ती उंबऱ्यातच थांबली. थोरल्याचा पडदा काळा पडला होता आणि त्या काळ्या काचेत सगळी खोली दिसत होती. खिडकी, फळी, दार.

काचेत खुर्ची रिकामी नव्हती.

मान खाली घालून कुणीतरी बसलं होतं. मांडीवर काहीतरी घडी केलेलं होतं आणि त्यावर दोन्ही हात होते. घडी राखाडी होती. तिने नकळत आपल्या अंगावरचा स्वेटर मुठीत धरला. तो होता, लोकर हाताला लागत होती. काचेतल्या माणसाचे खांदे हलत होते, आवाज नव्हता. हे रडणं तिने एकदाच पाहिलं होतं, त्याची आई गेली तेव्हा. तिने खुर्चीकडे पाहिलं, रिकामी. पुन्हा काचेकडे पाहिलं. त्याच्या मागे दाराची चौकट स्पष्ट दिसत होती. दार उघडं होतं, उजेड आत आला होता. ती दारात उभी होती.

काचेतल्या दारात कुणी नव्हतं.

त्याने मान वर करायला सुरुवात केली. तिने दार ओढून घेतलं.

६

टेबलापाशी ती आली कशी, हे तिला नंतर आठवलं नाही. धाकटा उघडाच होता. काहीतरी लिहायला हवं होतं, उद्या ताई यायच्या आत. चहा, जेवण, कुठे आहेस, असल्या गोष्टींना आता वेळ नव्हता. जे मनात दिवसरात्र घोळत होतं, तेच बोटांतून आलं.

'त्या दुपारी कागद आणायला तो गेला. तु जायला नको होतंस. मी जायला हवं होतं.'

हिरवी खूण आली नाही. चौकट आली. दोन प्रती सापडल्या, कोणती ठेवायची? डावीकडे तिची ओळ होती. उजवीकडे दुसरी, त्याच क्षणी तिकडून लिहिलेली.

'त्या दुपारी कागद आणायला ती गेली. तू जायला नको होतंस. मी जायला हवं होतं.'

शब्दाला शब्द तोच. फक्त तिकडे गेलेली ती होती, आणि उकार बरोबर होता.

म्हणजे तिकडेही हुज्जत झाली होती. तिकडे 'तू पान संपव, मी जाते,' असं म्हणून ती चपला अडकवून उतरली होती. त्याचं पान संपायच्या आत खालून आरडाओरडा आला होता, आणि तेव्हापासून तो त्या खुर्चीत बसून होता. एवढे दिवस दोघं एकाच घरात, एका दाराच्या दोन बाजूंना, एकमेकांसाठी रडत होती. आणि आता एकमत विचारत होतं, खरं कोणतं धरू?

इकडची ठेवली तर तो गेलेला. तिकडची ठेवली तर ती गेलेली. तिने आजूबाजूला पाहिलं. अर्धवट चिरलेली भाजी, उष्टा कप, दोरीवर वाळत घातलेला एकच टॉवेल. हे सगळं ठेवण्यासारखं होतं असं तिला वाटलं नाही. तो हवा होता. तो असू दे, उकार सुधारत बसू दे, लोकांच्या पाट्या वाचत हिंडू दे. इतकी वर्षं दर भांडणात तिने आपलंच ठेवलं होतं. लोटलेल्या दाराकडे बघून ती मोठ्याने म्हणाली,

"तुझंच ठेव."

तिचा आवाज तिलाच परका वाटला. आतली घरघर चालू होती. तिने बोटाने बाण उजवीकडे न्यायला सुरुवात केली. बाण भरकटत होता, दोनदा ओळीवरून पुढे निघून गेला. मग तो नेमका जागेवर आला.

आत खुर्ची करकरली. आणि माउसची एक टिचकी ऐकू आली.

चौकट मिटली. तिचं बोट अजून अधांतरीच होतं, ते खाली आलंच नव्हतं. हिरवी खूण आली. पानावर एकच ओळ उरली होती, डावीकडची. कागद आणायला तो गेला होता.

थोरल्याचा पंखा मंदावला, आणखी मंदावला आणि थांबला. धाकट्यावर सूचना आली, दुसरा कॉम्प्युटर सापडत नाही. ती त्याला हाका मारत राहिली, आधी दारातून, मग त्या खुर्चीपाशी जमिनीवर बसून. गादीला हात लावून पाहिला, ती गार होती.

७

रविवारी ताई आली. थोरला चालू होतोय का ते तिने दोनतीनदा बटण दाबून पाहिलं, गेलं बाई हे, म्हणाली, आणि गाडीत ठेवायला कुणाला तरी खालून बोलावलं. आतली खिडकी उघडली. खणातला कीबोर्डही नेऊ का, असं विचारलं. तो राहू दे, ती म्हणाली.

ती जेवणाच्या टेबलाशी बसली होती. काल ऊन टेबलावरून सरकून जमिनीवर गेलं, भिंतीवर चढलं आणि विझलं, तोवर ती त्या ओळीकडे बघत राहिली होती. त्याची सवय तिला ठाऊक होती. चौकटीत हार मानायची आणि मागाहून गुपचूप येऊन चूक दुरुस्त करायची. पाणी प्यायला म्हणून उठली, तोंड धुवायला उठली, मुद्दाम पाठ फिरवून खिडकीपाशी उभी राहिली. दरवेळी परत येऊन पाहिलं. तु तसाच होता.

ताई मागे येऊन उभी राहिली. काय वाचतेस एवढं, असं विचारत पडद्यावर वाकली.

"अगं, हा तू चुकलाय. लांब कर की."

"नको," ती म्हणाली. "तो त्याने ठेवलाय."